सगळी आली?

१

गाडी वळणावर उलटेल आणि मागे बसलेली मुंगी पट्ट्यात लटकत राहील, या काळजीने मला सलग अकरा रात्री झोप नव्हती. बाराव्या दिवशी सकाळी मी हे नवऱ्याला सांगितलं. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "उलटेल कशी? दोन टनांची गाडी आहे ती. तिला उलटायचं तर आधी उठावं लागेल."

मुंगी म्हणजे आमची मुलगी. सव्वाचार वर्षांची, आणि वजन नावाप्रमाणेच. गाडी म्हणजे नवऱ्याची हौस. कधीकाळी मागच्या सीटवर साहेब आणि पुढे टोपीवाला ड्रायव्हर अशा थाटात फिरलेली, बावीस वर्षांची, लांबलचक, गडद निळी. आत खऱ्या लाकडाच्या पट्ट्या, काट्यांचं घड्याळ आणि मागे एवढी रुंद, गुळगुळीत चामड्याची सीट की मुंगी तिच्यावरून घसरगुंडीवरच्यासारखी घसरायची. सासूबाई गाडीला ‘पलंग’ म्हणतात. "पलंग काढलास का बाहेर?" "पलंगाला पाणी मारलं का?" नवऱ्याला राग येतो, पण नाव चपखल आहे. ती गाडी रस्त्यावरून जात नसे, तरंगत असे. ब्रेक दाबला की नाक खाली घालून मुजरा करी, वळणावर एका कुशीवर होई, आणि स्पीडब्रेकरवरून गेली की पुढच्या चौकापर्यंत मान डोलवत राही.

हौस नवऱ्याची, पण तो जातो कंपनीच्या बसने. पलंग माझ्या वाट्याला. रोज सकाळी मुंगीला सहा किलोमीटरवरच्या बालवाडीत सोडायचं, येऊन प्रुफं तपासायला बसायचं, दुपारी परत आणायचं. मी शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ, लिंग-वचन. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि रात्री स्वतःच्या.

झुलण्याने मुंगीला मळमळायचं. तिचं लक्ष पोटावरून काढावं म्हणून मी एक खेळ काढला होता. बालवाडीच्या वाटेवर चार स्पीडब्रेकर आहेत. प्रत्येकावर मी विचारायचं, "पुढची आली?" पुढची चाकं उतरली की तिने म्हणायचं, "आली!" मग "मागची आली?" "आली!" आणि शेवटी मी मोठ्याने, "सगळी आली?" आणि तिने हात वर करून, "सगळी आली!"

एवढाच खेळ. मला त्याचा अभिमानही होता. आई म्हणून मला सुचलेल्या फार थोड्या गोष्टींपैकी तो एक.

२

मिस्त्रीचं गॅरेज एका उतारावर आहे. आत काळं पडलेलं लाकडी बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, आणि पाने काढले तरी त्यांच्या तेलकट सावल्या भिंतीवर तशाच. मिस्त्री साठीचा, एका कानाने पूर्ण आणि दुसऱ्याने निम्मा बहिरा. तो गाडी हाताने ऐकतो. इंजिनावर तळवा ठेवतो, डोळे मिटतो, आणि गिऱ्हाइकाने पाल्हाळ लावलं तर तळवा उचलून थांबायची खूण करतो.

त्याने पलंगाच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, सगळं वजन टाकून दाबलं आणि सोडलं.

"बघा. चांगली गाडी एकदा उठते आणि गप्प बसते. ही मोजा. एक, दोन, तीन, चार... अजून हो-हो म्हणतीये. हिला नाही म्हणता येत नाही."

"मलाही," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही.

चारही शॉकअप गेले होते, स्प्रिंगा बसल्या होत्या, आणि सांध्या-सांध्यांतली रबरं, ज्यांना तो बुश म्हणतो, हाताने चुरगळत होती. सगळं बदलावं लागेल म्हणाला.

"किती कडक करू?"

"म्हणजे?"

"बाई, मऊ गाडी सगळं गिळते. कडक गाडी सगळं सांगते. रस्त्यात खडा आला तरी सांगेल. पेलवेल ना?"

मला एकदम सासूबाई आठवल्या. "आईने थोडं कडक असावं गं. तू फार लवचीक." आमच्या घरात ‘आई’ अशी हाक आली की आम्ही दोघी ओ देतो, आणि बहुतेक वेळा हाक त्यांनाच असते.

"सांगू दे," मी म्हटलं.

आठ दिवसांनी गाडी मिळाली. मिस्त्रीने मला चाकाच्या वरची, टायर आणि पत्रा यांच्यामधली फट दाखवली. तिथे बोटं आडवी घालून दाखवली. "चारी कोपऱ्यांत चार-चार बोटं. रोज बघायची. कुठे तीन झाली, तर माझ्याकडे यायचं."

माझ्यासारखीला असं काही सांगू नये. मी रोज बघू लागले.

३

गाडी ओळखू येईना. वळणावर सरळ उभी राहिली. ब्रेक दाबला तर मुजरा नाही. मी किती दिवसांनी खांदे खाली सोडून गाडी चालवत होते. मुंगी मागे, उजव्या बाजूला, म्हणजे बरोबर माझ्या पाठीशी, तिच्या उंच गादीवर. डावीकडचा पट्टा त्या गाडीत कधीच अडकत नाही, म्हणून ती बाजू नेहमी रिकामी.

पहिला स्पीडब्रेकर दवाखान्यासमोर आहे. आता तो नुसता जाणवला नाही, ऐकू आला.

धप्.

"पुढची आली?"

"आली!"

धप्.

"मागची आली?"

"आली!"

"सगळी आली?"

"सगळी आली!"

दवाखान्यानंतर लागतो दिव्याचा खांब, मग किल्लीवाल्याची टपरी, मग एक निळं फाटक. आम्ही निळ्या फाटकापाशी पोचलो असू, तेव्हा मागून तिसरा आवाज आला.

धप्.

आवाज तसाच. तेवढ्याच वजनाचा. मी आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा, स्पीडब्रेकरवरचे पांढरे पट्टे, दवाखान्याच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं. त्याने मानही उचलली नव्हती.

दुसऱ्या स्पीडब्रेकरवर मी पुन्हा विचारलं, "सगळी आली?"

आरशात दिसलं, मुंगीने एक बोट वर धरलं होतं, सासूबाई फोनवर असताना आम्हाला थांबायला सांगतात तसं.

"सगळी आली का गं?"

"नाही. अजून एक यायचीय."

"यायचंय," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं, सवय. "चाक ना? ते चाक. एक यायचंय."

धप्.

"आली!" मुंगी म्हणाली, आणि हात वर केले. "आता सगळी आली!"

४

शहाण्या माणसाने करायचं ते सगळं मी केलं. डिकी रिकामी केली. जॅक, पाना, मुंगीची जुनी ढकलगाडी, नवऱ्याची कधीच न वापरलेली बॅडमिंटनची रॅकेट, सगळं बाहेर. जादा चाकाचा नट आवळला. सायलेन्सर हलवून पाहिला आणि हात भाजून घेतला. मुंगीला सोडून परत येताना आणि दुपारी तिला आणायला जाताना, एकटी असताना, कान टवकारून ऐकलं. दोनच. आठ स्पीडब्रेकर, प्रत्येकावर दोनच.

रविवारी नवरा मुंगीला घेऊन चक्कर मारून आला.

"दोन आवाज," त्याने दाराशीच दोन बोटं दाखवली. "दोन आस, दोन आवाज. तीन हवे असतील तर ट्रक घेऊया."

"झोपली होती का ती?"

"टक्क जागी. काय गं मुंगे, किती आली?"

"बाबाच्या गाडीत दोन," मुंगी म्हणाली. हे ती ज्या तऱ्हेने म्हणाली, त्यात तक्रार होती. काहीतरी कमी दिलं गेल्याची.

सोमवारी सासूबाईंना बळंच बरोबर घेतलं. त्या पुढे बसल्या, पर्स मांडीवर, पाय जुळवून. दोनच. मुंगीने एकदाही बोट वर केलं नाही.

"आता छान झालाय हो पलंग," सासूबाई म्हणाल्या. "पाठ एकदम ताठ." मग माझ्याकडे बघून, "तुझी झोप होत नाही, दुसरं काही नाही. डोळे बघ. मी काय म्हणते, चार दिवस मीच जाऊन सोडते पोरीला, बसने."

"नको आई. जमतंय मला."

जमतंय हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते, याचं कुणीतरी प्रूफ तपासायला हवं.

म्हणजे हिशेब असा होता: मी एकटी, दोन. मुंगी आणि बाबा, दोन. आजी बरोबर, दोन. मी आणि मुंगी, दोघीच असलो, की तीन.

५

एखाद्या गोष्टीची भीती वाटायला लागली की मी ती मोजते. मला तेवढंच येतं. तिसरा आवाज पहिल्या दिवशी निळ्या फाटकापाशी आला होता. आठवड्याने तो आम्ही फाटकाला पोचायच्या आत येऊ लागला. नंतर किल्लीवाल्याच्या टपरीसमोर. वेग मी मुद्दाम तोच ठेवत होते, वीसवर काटा. किल्लीवाला मला ओळखू लागला. एवढ्या हळू जाणारी एवढी मोठी गाडी त्याने पाहिली नसावी. तो कानस थांबवून बघायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघायचे, त्याला काही दिसतंय का म्हणून. तो माझ्याकडेच बघत असायचा.

महिन्याच्या शेवटी टपरी आणि खांब यांच्या मध्ये.

त्या दिवशी दुपारी मी दुसरीच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होते. धड्याखाली प्रश्न होता: योग्य रूप निवडा. ‘चाक आलं’, ‘चाकं आली’, ‘मुलगी आली’. माझी पेन्सिल तिथेच थांबली.

चाकं आली. ती आली. दोन्हीकडे ‘आली’. आम्ही रोज खेळायचो तो शब्द. ‘सगळी आली?’ असं मी विचारायचे ते चाकांबद्दल. मुंगीला ते तसंच कळलं असेल कशावरून? आणि एकच चाक यायचं राहिलं असेल, तर पोर ‘यायचंय’ म्हणेल. मुंगीची जीभ बोबडी असेल, पण ती लिंगात कधी चुकत नाही. ‘ती पेन’ म्हणणाऱ्या बाबाला ती सुधारते. ती ‘यायचीय’ म्हणाली होती. मी तिचं व्याकरण तपासलं. काय म्हणाली ते तपासलंच नाही.

बालवाडीतून आणताना मी अगदी सहज आवाज काढला. "मुंगे, ते तिसरं चाक कुणाचं गं?"

"चाक नाहीये."

"मग?"

ती खिडकीबाहेर बघत होती. कंटाळली होती. "तूच तर बोलावतेस रोज," ती म्हणाली. "मला भूक लागली."

त्याच दिवशी बालवाडीच्या बाईंनी वहीत चिठ्ठी लिहिली होती: ‘सकाळी गारठा असतो. स्वेटरचं वरचं बटण रोज उघडं असतं. कृपया आईने लक्ष द्यावे.’ ते बटण घट्ट आहे, मुंगीच्या बोटांना जमत नाही, आणि मी रोज विसरते. ‘आईने’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली नव्हती. मला ती दिसली.

६

मिस्त्री यायला तयार नव्हता. मी म्हटलं पंधरा मिनिटं. तो म्हणाला, सगळे पंधराच म्हणतात. शेवटी हात पुसत आला. त्याला मागेच बसायचं होतं, आवाज मागून येतो म्हणून. मुंगीशेजारी, डाव्या बाजूला बसला आणि तळवा सीटवर पालथा ठेवला.

मला वाटलं होतं, तिसरं माणूस आहे, काही होणार नाही. तो म्हणेल, बाई, बरं वाटतं ना आता? मला ते हवंच होतं.

धप्. धप्. मी काही विचारलं नाही. खांब गेला.

धप्.

आरशात मी पाहिलं, मिस्त्रीने तळवा उचलला. तवा तापलाय हे ध्यानात आल्यावर उचलतात तसा. त्याने तो मांडीवर ठेवला, मग दुसऱ्या हाताने झाकला. पुढचे तीन स्पीडब्रेकर तो तसाच बसला. मुंगी त्याला समजावून सांगत होती, "आजोबा, तुम्ही तिच्या जागेवर बसलाय." तिने ते त्याच्या बहिऱ्या कानात सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं.

गॅरेजसमोर तो उतरला. खाली वाकून चारी चाकांत बोटं घातली. चार, चार, चार, चार.

"गाडीत काही नाही," तो म्हणाला.

"पण तुम्हाला जाणवलं."

"गाडीत काही नाही म्हणतोय मी. गाडीतलं असतं तर काढून हातात दिलं असतं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "गाडीबाहेरचं काम मी करत नाही."

"मग परत मऊ करून द्या. होती तशी."

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दमलेल्या माणसाची दया होती. मी रोज आरशात बघते ती.

"ऐकू येऊ नये म्हणून? बाई, मला चाळीस वर्षांत निम्मं जग ऐकू येईनासं झालं. ते कुठं गेलं नाही."

७

खेळ बंद केला. मुंगीला म्हटलं, आईचं डोकं दुखतं, आता नुसतं बसायचं.

पहिल्या दिवशी ती रुसली. दुसऱ्या दिवशी ती दोन्हीकडचं स्वतःच बोलू लागली. दवाखान्यापाशी मागून बारीक आवाज आला. "पुढची आली? आली. मागची आली? आली." मग अगदी माझ्या आवाजात, माझ्या त्या दमलेल्या, गोड केलेल्या आवाजात, "सगळी आली?"

आणि ती थांबून राहिली. मीही. एकाच गाडीत एकामागे एक बसून आम्ही मायलेकी श्वास धरून वाट बघत होतो. एक भीतीने आणि एक आवडीने.

धप्. खांबाच्या आधी.

मग मी रस्ताच बदलला. नदीकडून एक नवा लांबचा रस्ता आहे, पट्ट्या आखलेला, आरशासारखा गुळगुळीत. वीस मिनिटं जास्त. एकही स्पीडब्रेकर नाही, खड्डा नाही. पहिल्या दिवशी वाटलं, सुटलो. भीक नको पण कुत्रं आवर, तसं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी आरसा सोडून पुढे बघतच नाहीये. आवाज नव्हता, कारण आवाज करायला काही आडवं नव्हतं. ते मागे आहे की नाही, किती मागे आहे, कळायला काही मार्गच उरला नव्हता. निळं फाटक नव्हतं, टपरी नव्हती, खांब नव्हता. मऊ गाडीत परत बसल्यासारखं होतं ते. सगळं गिळणारं.

चौथ्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. हसला नाही, याचं मला बरं वाटायला हवं होतं.

"अगं, तू थकलीयेस," तो म्हणाला. "एक काम कर. परवापासून मी पहिल्या पाळीची सुट्टी टाकतो, पंधरा दिवस मीच सोडतो तिला. उद्याचा एक दिवस काढ."

उद्याचा एक दिवस. मी मान डोलावली. एक दिवस कुणीही काढतं.

आणि मी ठरवलं, जुन्याच रस्त्याने जायचं. जवळ आलं असेल तर असू दे. मला कळायला हवं होतं.

८

सकाळी गारठा होता. मी चारी चाकांत बोटं घातली. चार, चार, चार, चार. मुंगीला बसवलं, पट्टा लावला. ती त्या आठवड्यात पट्ट्याचं लाल बटण दाबून स्वतः सुटायला शिकली होती. "उतरताना मी करणार हं," तिने बजावलं. "तू हात लावायचा नाही."

दवाखाना आला. काटा वीसवर. कुत्रं पायरीवर.

धप्.

धप्.

खांब गेला. टपरी गेली, किल्लीवाल्याने मान वर केली. निळं फाटक गेलं.

काही नाही.

दुसऱ्या स्पीडब्रेकरवर दोन. तिसऱ्यावर दोन. मी हसत होते. एवढं साधं होतं. चार दिवस आलो नाही, तर कंटाळून गेलं. किंवा नव्हतंच, झोप नव्हती, तेवढंच होतं. एखादा बुश बसायला वेळ लागतो, तसा बसला. मिस्त्रीला सांगायला हवं. सासूबाईंना सांगायला हवं, होय आई, तुमचंच खरं.

चौथ्यावर मी मोठ्याने विचारलं. मला राहवलं नाही. इतक्या दिवसांनी मला पुन्हा आई व्हायचं होतं.

"पुढची आली?"

"आली," मुंगी म्हणाली.

"मागची आली?"

"आली."

"सगळी आली?"

"सगळी आली." हात वर झाले नाहीत. आवाज पेंगुळला होता.

मी आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा. मग आरसा थोडा खाली केला. मुंगीचे डोळे अर्धे मिटले होते आणि मान कलली होती. डावीकडे, रिकाम्या बाजूला. गाडीत झोपलेल्या मुलाची मान लटकते, हिसक्यासरशी हलते. कुठल्याही आईला ते ठाऊक असतं, आपण आरशातून बघत राहतो आणि मनातल्या मनात हाताने धरतो. ही लटकत नव्हती. हलतही नव्हती. टेकलेली होती. गालाची बाजू किंचित चपटी झाली होती, उशीवर होते तशी.

मी आरसा वर केला. पट्ट्यामुळे तसं दिसत असेल.

९

बालवाडीच्या फाटकाशी गाडी लावली. डावीकडे फूटपाथ, म्हणून मुंगी नेहमी डावीकडच्याच दाराने उतरते. मी दार उघडायचं, तिने त्या गुळगुळीत सीटवरून घसरत यायचं.

मी गाडीला वळसा घालून त्या बाजूला गेले. दार उघडण्याआधी, सवयीने, मागच्या चाकावरच्या फटीत बोटं घातली.

दोनच गेली.

रस्त्याला उतार असेल. कडेला गाडी कलते. पुढच्या चाकात बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. मी दार उघडलं.

मुंगी जागी झाली होती. तिने माझ्याकडे बघत ते लाल बटण दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी, जीभ बाहेर काढून. पट्टा सुटला. "बघ, केलं," तिचे डोळे म्हणत होते. तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलेलं होतं. मी लावलं असेल. घाईत माणूस लावतं आणि विसरतं. केसांची बटही कानामागे नीट सारलेली होती.

ती गादीवरून उतरली आणि सीटवर घसरायला लागली. मधोमध आली. तिथे थांबली.

मी दारात उभी होते. हात पुढे केला होता. पलीकडच्या काचेतून ऊन येत होतं, चामड्याचा वास येत होता. तिच्या आणि माझ्यामध्ये रिकामी सीट होती, जेमतेम एका माणसाची जागा.

"आई," मुंगी वैतागून म्हणाली, "सरक ना."

"सरकले हं, सरकले." मी वाटेत उभी होते, तिचं बरोबरच होतं. मी दार धरून दोन पावलं मागे झाले, फूटपाथच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. "ये आता."

ती आली नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी, थोडं वर, आणि मग पुन्हा माझ्याकडे, बाबाची ‘ती पेन’ सुधारताना बघते तशी.

"तू नाही गं."